कॅन्सर पुढच्या टप्प्यात असताना: घरच्यांनी सगळी काळजी जोडून कशी घ्यायची

पेशंट गडहिंग्लजचा किंवा शिरोळचा. बायोप्सी मिरजेला झालेली, केमो कोल्हापुरात चाललेली, मधेच परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवून आलेले, आणि ताप आला की गावातल्या डॉक्टरांकडं सलाइन. प्रत्येक ठिकाणी एकेक फाइल आहे, पण सगळा पेशंट कुणाच्याच नजरेसमोर नाही. आजार चौथ्या टप्प्यात गेल्यावर सगळ्यात जास्त हाल याच कारणानं होतात. बंद करायला सांगितलेली गोळी चालूच राहते. दोन डॉक्टरांनी लिहिलेलं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी पोटात जातं. शनिवारी रात्री दुखणं वाढलं की फोन कुणाला लावायचा हेच ठरलेलं नसतं.

ही जोडणी घरच्यांनाच लावावी लागते, आणि ती लावता येते. पुढची माहिती घरच्यांसाठी आहे, तशीच गावातल्या आशाताई आणि दवाखान्यातले समाजसेवक यांच्यासाठीही. औषधांचे आकडे दिलेत ते डॉक्टरांचं म्हणणं नीट समजावं म्हणून. आपल्या मनानं डोस बदलण्यासाठी ते नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे ‘आता काही उरलं नाही’ म्हणून द्यायची सेवा नव्हे. दुखणं, दम लागणं, उलट्या, झोप, मनाची घालमेल, घरच्यांची ओढाताण या सगळ्यावरचा तो उपचार आहे, आणि तो केमो किंवा रेडिएशन चालू असतानाच सुरू करायचा असतो. ऑन्कॉलॉजिस्टनी (कॅन्सरच्या डॉक्टरांनी) स्वतःहून नाव काढलं नाही तर तुम्ही विचारा: “पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना कुठं दाखवू?”

एक माणूस, एक वही

घरातला एक जण ‘फोनचा माणूस’ ठरवा. तो सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात शिकलेला असण्याची गरज नाही. रोज घरात असणारा, फोन उचलणारा आणि डॉक्टरांना न घाबरता प्रश्न विचारणारा हवा. त्याच्या जोडीला दुसरा एक, पहिला आजारी पडला तर. पैशाचा हिशेब तिसऱ्याकडं द्या, नाहीतर एकाच माणसावर सगळा भार येतो आणि दोन महिन्यांत तोच कोलमडतो.

बहुतेक घरांत अंग पुसणं, औषध भरवणं, रात्री उठणं हे सून, बायको किंवा मुलगी करते आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये मात्र पुरुष बसतात. त्यामुळं रात्री तीनला काय झालं हे डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. जी सेवा करते ती केबिनमध्ये पाहिजे. नाहीच जमलं तर तिला फोन लावून स्पीकरवर ठेवा.

वही दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची घ्या. पहिल्या पानावर नाव, वय, आजार कुठला आणि कुठं पसरलाय, आजवर झालेलं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तारखेसकट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, शुगर-बीपी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि प्रत्येक हॉस्पिटलचा केस नंबर. दुसऱ्या पानावर औषधांचा तक्ता: औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नाव कंसात), मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी, कुणी लिहिलं, कधीपासून. औषध बंद झालं की खोडू नका, त्यावर रेघ मारून तारीख टाका. पुढच्या डॉक्टरांना काय देऊन झालंय तेही कळायला हवं. त्यानंतर रोजचं एक पान. शेवटच्या पानावर फोन नंबर. या पहिल्या दोन पानांचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा, तक्ता बदलला की नवा फोटो.

रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, नवा वर. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचपट्ट्या) जपा. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेल्यावर ते पुन्हा तपासायला मागतात, आणि ते नसल्यामुळं कोल्हापूर-मुंबई एक खेप फुकट जाते. स्कॅनची सीडी फिल्मच्या पाकिटातच ठेवा.

दर वेळी डॉक्टरांना भेटायच्या आदल्या रात्री तीन प्रश्न वहीत लिहा. तीनच. दहा नेले तर महत्त्वाचा राहून जातो. उठताना शेवटचं विचारायचं ते हे: “रात्री किंवा रविवारी त्रास झाला तर कुणाला फोन करू, आणि काय झालं तर थांबायचं नाही?”

दुखणं: घड्याळ लावून औषध

कॅन्सरचं दुखणं बहुतेकांचं गोळ्यांनीच आटोक्यात येतं. येत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात: गोळी दुखल्यावरच दिली जाते, डोस अपुरा असतो, किंवा मॉर्फिनच्या भीतीनं ते सुरूच होत नाही.

आधी दुखणं मोजा. शहरातल्या पेशंटला शून्य ते दहा विचारा. जुन्या माणसाला रुपया-आण्यात विचारलं की उत्तर जास्त खरं मिळतं: “सगळ्यात वाईट दुखणं रुपया धरलं, तर आत्ता किती?” “बारा आणे.” गोळीनंतर तासाभरानं पुन्हा विचारा. दोन्ही आकडे वहीत. सोबत दुखण्याची तऱ्हा लिहा: ठणकतंय, जळजळतंय, करंट बसल्यासारखं होतंय, की हललं की हाडात कळ येते. जळजळ आणि करंट म्हणजे नस दबलेली असण्याची शक्यता. त्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखं वेगळं औषध जोडावं लागतं, नुसतं मॉर्फिन वाढवून ते पुरतं शमत नाही. हाडातल्या दुखण्याला रेडिएशन चांगलं लागू पडतं. पुष्कळदा ८ ग्रेचं (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) एकच सिटिंग पुरतं. रोज गगनबावड्याहून दहा दिवस ये-जा करायच्या आधी “एका सिटिंगमध्ये जमेल का?” हे जरूर विचारा. त्याचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवायच्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली दुखण्याच्या औषधांची शिडी सांगितली: हलक्या दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी, मधल्याला ट्रॅमाडॉलसारखी, जोरदार दुखण्याला मॉर्फिन. खूप दुखत असेल तर खालच्या पायऱ्यांवर वेळ घालवायची गरज नाही. ट्रॅमाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जात नाही. तिथवर पोचूनही दुखत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून वर भर घालू नका. त्यानं किडनी जाते, पोटात रक्तस्राव होतो, आणि केमोनं प्लेटलेट कमी झाल्या असतील तर धोका आणखी वाढतो.

मॉर्फिनची साधी गोळी चार तास काम करते, म्हणून ती दर चार तासांनी. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दहाचा डोस बहुधा दुप्पट देतात, म्हणजे रात्री दोनला उठवावं लागत नाही. समजा डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम लिहिलंय: चार वेळा १० आणि रात्री २०, दिवसाचे झाले ६०. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस दिवसाच्या साधारण एकषष्ठांश असतो, म्हणजे इथं १०. जादा डोस दिला म्हणून पुढचा ठरलेला चुकवायचा नाही. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा जादा डोस लागला तर मूळ डोस कमी पडतोय. वही उघडून फोनवर डॉक्टरांना आकडे वाचून दाखवा, ते तिथल्या तिथं नवा डोस सांगू शकतात.

हळूहळू विरघळणारी बारा तासांची गोळी कुटायची किंवा चावायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. नाकात नळी असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. फेंटानिलची पट्टी लावली असेल तर ती ७२ तासांनी बदलतात, तारीख-वेळ पट्टीवरच पेननं लिहा. त्यावर गरम पाण्याची पिशवी शेकायची नाही, उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं.

आता मॉर्फिनचे त्रास. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, कधी आठवडाभर मळमळ. दोन्ही बहुधा जातात. कित्येक दिवस न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर गाढ झोपतो, तेव्हा घरचे घाबरून गोळी बंद करतात. हाक मारल्यावर जागा होऊन नीट बोलत असेल तर ती थकव्याची झोप आहे. हलवूनही उठत नसेल किंवा मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा किंवा १०८ बोलवा. लघवी कमी झाली आणि हातपाय झटके देऊ लागले तर किडनीतून औषध बाहेर जात नाहीये, त्याच दिवशी कळवा.

बद्धकोष्ठता मात्र जात नाही. मॉर्फिन जेवढे दिवस, तेवढे दिवस पोट साफ होण्याचं औषध. पहिल्या गोळीपासूनच, उदाहरणार्थ रात्री बिसाकोडिल. इथं दोन चुका फार होतात. पहिली इसबगोलची: पाणी कमी पिणाऱ्या पेशंटला इसबगोल आतच घट्ट बसतं आणि कोंडी वाढवतं. दुसरी जास्त फसवी आहे. चार-पाच दिवस शौचास झालेलं नसतं आणि अचानक पातळ पाणी गळू लागतं. घरचे जुलाब समजून थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपत असतं. तीन दिवस शौचास झालं नाही की डॉक्टरांना कळवायचं, एवढा नियम पाळला तर ही वेळ येत नाही. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वारंही सरत नाही, अशा वेळी रेचक देऊ नका. आतडं अडकलेलं असू शकतं.

मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, तरी ते मान्यता असलेल्या संस्थेतूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. म्हणून साठा आठवड्यावर आला की पुढची खेप ठरवा. चिठ्ठीची झेरॉक्स डब्यात ठेवा आणि डबा कुलपात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी ठरल्याप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनची व्यसनासारखी चटक लागणं क्वचित घडतं. आयुष्यही त्यानं कमी होत नाही. एकदम बंद केलं तर मात्र अंगाला त्रास होतो, म्हणून कमी करायचं तेही टप्प्याटप्प्यानं.

“आबांना सांगू नका”

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरातून येतं, आणि ते मायेपोटीच येतं. पण आबांना बहुतेक सगळं कळलेलं असतं. वजन उतरलंय, पाहुणे एकाएकी भेटायला येतायत, कुजबुज थांबते आहे. ते विचारत नाहीत कारण पोरांना त्रास होईल. पोरं सांगत नाहीत कारण आबा खचतील. दोघंही एकाच खोलीत एकटे पडतात, आणि ऊसबिलापासून धाकट्याच्या लग्नापर्यंत जे बोलायचं ते राहून जातं.

समुपदेशन करणाऱ्यानं, मग तो डॉक्टर असो, आशाताई असो की घरातलाच शहाणा माणूस, मुलाशी वाद घालू नये. “कळणं हा त्यांचा हक्क आहे” असं पहिल्याच वाक्यात म्हटलं की दार बंद होतं. क्रम असा ठेवा. आधी भीती विचारा: “सांगितलं तर काय होईल असं वाटतं?” मग ओझं विचारा: “हे लपवताना तुमचं काय होतंय? झोप लागते का?” मग: “आबांनी कधी काही विचारलं का? तेव्हा तुम्ही काय सांगितलं?” इथं पुष्कळदा मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. थांबा, घाई करू नका. त्यानंतर एवढंच मागा: “मी आपणहून काही सांगणार नाही. त्यांना काय माहीत आहे एवढंच विचारतो. त्यांनी सरळ विचारलं तर खोटं मात्र बोलणार नाही.” याला बहुतेक घरं तयार होतात.

पेशंटशी बोलताना खुर्ची ओढून बसा, उभ्यानं नको. टीव्ही बंद, फोन गप्प. आबांना कुणी जवळ हवं असेल तर त्याला बोलवा. “आबा, तब्येतीचं तुम्हाला काय वाटतंय?” इथून सुरुवात. मग परवानगी: “रिपोर्टचं सगळं तुम्हाला सांगू, का थोरल्याशी बोलू?” काही जण खरंच म्हणतात, “त्याच्याशीच बोला.” तेही मानायचं. ऐकायचं म्हणाले तर आधी चाहूल द्या: “रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही.” मग एका वाक्यात, साध्या शब्दांत: “आजार लिव्हरपर्यंत गेलाय. औषधानं तो पूर्ण जाणार नाही.” आणि मग गप्प बसा. ही शांतता सोसत नाही म्हणून बोलणारा टक्केवारी, नवी औषधं, कुणाकुणाची उदाहरणं सांगत सुटतो. पेशंटच्या कानात त्यातलं काहीच जात नाही. तो बोलेपर्यंत थांबा. रडला तर रडू द्या. निघण्याआधी दोन पक्क्या गोष्टी सांगा: दुखणं आटोक्यात ठेवायचा बंदोबस्त काय आहे, आणि पुन्हा कधी भेटणार.

“किती दिवस राहिलेत?” याला तारीख सांगू नये, पण टाळूही नये. आधी विचारा, “काही ठरवायचंय का त्यावरून?” बहुधा असतंच. मग अंदाज सांगता येतो: तब्येत महिन्यामहिन्यानं उतरत असेल तर हातात महिने आहेत, आठवड्यागणिक उतरत असेल तर आठवडे, रोज फरक दिसत असेल तर दिवस. “काळजी करू नका, सगळं ठीक होईल” हे मात्र कुणीच म्हणू नये. त्या वाक्यानं पेशंटचं बोलणं तिथंच संपतं.

घरातल्या लहान मुलांनाही खरं सांगा, त्यांच्या वयाच्या शब्दांत. “आजी गावाला गेली” म्हटलेलं मूल वाट बघत बसतं, आणि पुष्कळदा मनात धरतं की आपल्यामुळंच हे झालं.

अजून एक केमो घ्यायची का?

पहिली-दुसरी केमो लागू पडली नाही की घरात ताण येतो. पुण्याहून किंवा मुंबईहून आलेला नातेवाईक म्हणतो, “काहीही करा, पण थांबू नका.” गुंठाभर जमीन, दागिने यांचा विषय निघतो. निर्णयाआधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारायचं ते असं: यानं आजार आटोक्यात राहील की फक्त प्रयत्न म्हणून? राहिला तर साधारण किती महिने? महिन्यातले किती दिवस दवाखान्यात जातील? न घेता नुसती लक्षणांची काळजी घेतली तर काय होईल? उपयोग होत नाही हे कधी आणि कशावरून ठरवायचं?

एक मोजमाप तुम्हालाही करता येतं. पेशंट जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात काढत असेल तर केमोचा फायदा कमी आणि त्रास जास्त होण्याची शक्यता मोठी असते. हे डॉक्टरांना खरं सांगा. ओपीडीत दहा मिनिटं ताठ बसलेला माणूस घरी दिवसभर आडवा असतो हे त्यांना दिसत नाही.

ज्यांचं मत चालणार आहे त्या सगळ्यांना, भावकीतल्या मोठ्या माणसासकट, एकाच वेळी बसवा. बाहेरगावचे व्हिडिओ कॉलवर. पेशंटला काय हवंय हे आधी बोललं जावं. त्याच बैठकीत आयसीयू, व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणं याबद्दल ठरवा आणि वहीत लिहा. पेशंटला स्वतःची इच्छा कायदेशीर नोंदवायची असेल तर २०१८ साली सुप्रीम कोर्टानं त्याला मान्यता दिली आहे, आणि २०२३ साली पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढं सही.

काढे, भस्मं, झाडपाला यावर घरात भांडण करू नका, लपवूही नका. काय घेतलं ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण काही औषधांनी लिव्हर-किडनी बिघडते. “ॲलोपॅथी पूर्ण बंद करा” किंवा “आगाऊ लाखभर द्या” असं म्हणणाऱ्याकडून मात्र उठून यावं.

थांबायचं नाही अशा वेळा

केमोनंतर, विशेषतः सातव्या ते चौदाव्या दिवसात, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना काही तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. थर्मामीटर घरात हवाच.

पाठीत नवं दुखणं, पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी अडकणं: मणक्यात दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं अवघड असतं, आणि ‘अशक्तपणा असेल’ म्हणत घालवलेले दोन दिवस पेशंटला आयुष्यभर अंथरुणाला खिळवतात.

चेहरा-मान सुजणं, एकच पाय सुजून दुखणं, एकाएकी दम लागणं, खूप तहान आणि बडबड-गोंधळ, न थांबणारं रक्त ही बाकीची. तोंडाच्या किंवा मानेच्या जखमेतून रक्ताची भीती असेल तर गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल हाताशी ठेवा. रक्त आल्यास घडी करून दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही पेशंटला फार वाटतं आणि तो घाबरतो.

खाणं, तोंड, जखम, पाठ

भूक जाते ती आजारानं. जेवत नाही म्हणून आजार वाढतोय असं नाही. त्यामुळं ताटावरून रागवारागवी नको. दर दोन तासांनी चार-सहा चमचे, जे आवडेल ते. तोंड आलेलं असेल तर तांबडा रस्सा, कांदा-लसूण चटणी, लोणचं बंद. मटणाचं अळणी गाळून कोमट, पांढरा रस्सा तिखट-मसाला टाळून, नाचणीची आंबील, तूप घातलेला मऊ भात, दूध पचत असेल तर खरवस चालेल. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या, पाणी रोज ताजं. जिभेवर पांढरे थर आले तर बुरशी असते, त्याला औषध आहे.

नाकातल्या नळीतून एका वेळी २०० मिलिलिटरपर्यंत, गाळलेलंच. पेशंटला बसतं करून, हळू, आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. शेवटी ३० मिलिलिटर साधं पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते.

जखमेचा वास हा पेशंटला दुखण्याइतकाच छळतो, कारण त्यामुळं माणसं लांब बसतात. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक पूड करून ड्रेसिंगमध्ये वापरतात, वास दोन-चार दिवसांत बराच कमी होतो. डॉक्टरांकडून पद्धत शिकून घ्या. पट्टी चिकटली तर ओढू नका, सलाइननं भिजवून काढा. उघड्या जखमेवर मच्छरदाणी हवी. किडे झाले तर लाज न बाळगता दवाखान्यात न्या, ते काढता येतात.

अंथरुणात खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागं उशी लावून थोडं तिरकं. टाच पोटरीखालच्या उशीच्या बाहेर लोंबती. हवेची गादी भाड्यानं मिळते, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. लाल झालेला भाग चोळू नका.

दम लागत असेल तर टेकून बसवा, खिडकी उघडा, छोटा पंखा तोंडासमोर. ऑक्सिजनची पातळी चांगली असेल तर सिलिंडरपेक्षा पंख्यानं जास्त बरं वाटतं.

पैसा, प्रवास आणि पूर

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, आधार आणि रेशनकार्ड घेऊन ॲडमिट होण्याआधी त्याला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. घरची औषधं, गादी, ड्रेसिंग यांचा खर्च वेगळा धरून ठेवा. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसीलमध्ये अर्ज करा, कर्करुग्ण त्यात बसतात.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला ७५ टक्के. हॉस्पिटलनं ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला स्टेशनच्या काउंटरवर दाखवून तिकीट काढायचं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीतून मुंबई गाठता येते, पण मॉर्फिनचे डोस हातातल्या पिशवीत असू द्या, सामानात नको.

जुलै-ऑगस्टसाठी वेगळी तयारी लागते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. चिखली, आंबेवाडी किंवा नदीकाठच्या कुठल्याही गावात पेशंट असेल तर जूनअखेरीस तीन आठवड्यांचं औषध, ड्रेसिंग आणि चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या डब्यात भरून ठेवा, आणि इशाऱ्याच्या पातळीआधीच पेशंटला उंचावरच्या नातेवाइकांकडं हलवा. पाणी दारात आल्यावर अंथरुणातल्या माणसाला बोटीत घालणं त्याच्यासाठी फार वेदनेचं असतं. ऑक्सिजनचं मशिन विजेवर चालतं. लाइट गेल्यावर काय, हे आधी ठरवा.

कागदपत्रं पेशंट नीट बोलतोय तोवर आटपा: बँकेचं आणि दूध संस्थेचं खातं, साखर कारखान्याचा शेअर आणि ऊसबिल, सेवा सोसायटीचं कर्ज, विमा. वारस नाव कुठं लागलंय, कुठं नाही ते बघा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं ‘शुद्धीवर आणि समजून उमजून’ असं पत्र जोडलं तर पुढचे वाद टळतात.

घरीच शेवट व्हावा असं ठरलं असेल तर

शेवटच्या दिवसांत झोप वाढते, गिळणं थांबतं, हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून चालतो, घशात घरघर होते. या घरघरीचा पेशंटला त्रास होत नसतो, ऐकणाऱ्याला होतो. एका कुशीवर वळवा, नळी घालून घशातला कफ ओढू नका. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. ओल्या कापसानं ओठ-जीभ ओली करा, तीर्थाचे एक-दोन थेंब ओठांवर लावा. गोळी गिळता येत नाही म्हणून दुखण्याचं औषध थांबता कामा नये. जिभेखाली, गुदद्वारातून किंवा त्वचेखालून कसं द्यायचं ते आधीच विचारून ठेवा आणि सामान आणून ठेवा. बोलत राहा, ऐकू येत असण्याची शक्यता असते.

गावातल्या फॅमिली डॉक्टरांना आठवडाभर आधी घरी बोलवून पेशंट दाखवा आणि फाइल वाचायला द्या. मृत्यूच्या कारणाचा दाखला उपचार करणारे डॉक्टर देतात. पेशंट त्यांनी पाहिलेलाच नसेल तर ते सही करायला कचरतात आणि नको त्या वेळी धावाधाव होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, शहरात महापालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. तिथून मिळणाऱ्या मृत्यू-दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदम घ्या.

उरलेलं मॉर्फिन जिथून आणलं त्या संस्थेला मोजून परत द्या, शेजारच्या दुसऱ्या पेशंटला देऊ नका. तेराव्यानंतर पाहुणे गेले की जिनं रात्री जागवल्या तिच्याकडं आशाताईंनी महिन्याच्या आत एक फेरी मारावी: झोप, जेवण, बीपी, आणि ‘मी आणखी काही करायला हवं होतं’ हे मनात घोळतंय का. त्याच्याशी वाद घालू नका, काय काय केलं ते वही उघडून तिच्याच तोंडून ऐका. सहा महिन्यांनंतरही घरकाम सुचत नसेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी. आणि गेलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर असेल तर तिच्या मुलींनी-बहिणींनी आपली तपासणी कितव्या वर्षापासून सुरू करायची हे तिच्याच डॉक्टरांना विचारून घ्यावं. साधारणपणे तिचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून.